तीन शेतं आणि एक तक्ता: इंग्लंडमधलं गाव आपल्या आराखड्याची शाश्वतता कशी तपासतं

हेनफील्ड हे इंग्लंडच्या वेस्ट ससेक्समधलं पाचेक हजार वस्तीचं गाव. ब्रायटनच्या वायव्येला, एडर नदीच्या आसपास. पूर्वी इथून रेल्वे जायची. ती 1966 मध्ये बंद झाली आणि आता त्याच मार्गावर लोक सायकली चालवतात. या गावाने बरीच मेहनत घेऊन स्वतःचा विकास आराखडा तयार केला. स्वतंत्र परीक्षकाने तो तपासला, 2016 मध्ये गावकऱ्यांनी सार्वमतात मंजूर केला. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हायकोर्टाने तो रद्द केला. गावाच्या पश्चिमेची जमीन घरांसाठी नाकारताना जे कारण दिलं होतं, त्याला पुरावा नव्हता म्हणून.

गावाने ठरवलं, गावाने मत दिलं, तरी कोर्ट नाही कसं म्हणतं? खरं तर पश्चिमेला घरं बांधाच, असं कोर्टाने म्हटलंच नव्हतं. निर्णय काय घ्यायचा ते गावाने ठरवावं, पण निर्णयापर्यंत पोचायची कायद्याने एक वाट आखून दिली आहे आणि त्या वाटेतला एक टप्पा गावाने चुकीच्या गृहीतकावर ओलांडला, एवढंच कोर्टाचं म्हणणं. त्या वाटेचं नाव शाश्वततेचं मूल्यांकन. नाव जड आहे. आतली गोष्ट मात्र जमिनीचा व्यवहार करणाऱ्या कुणालाही कळेल अशी आहे.

आधी 'पॅरिश' या शब्दाचा गुंता सोडवू. वसईकडच्या वाचकांना तो 'धर्मग्राम' म्हणून ओळखीचा असेल: एक चर्च, त्याचे फादर आणि त्या हद्दीतली कुटुंबं. इंग्लंडमध्येही सुरुवात तिथूनच झाली. पण 1894 च्या कायद्याने गावचा कारभार चर्चकडून काढून निवडून आलेल्या पॅरिश काउन्सिलकडे सोपवला. आज तिथे अशा सुमारे 10,000 स्थानिक काउन्सिल आहेत. आपल्या ग्रामपंचायतीशी तुलना मनात येतेच आणि ती बरीचशी जमतेही: खेळाची मैदानं, दफनभूमी, बसथांब्याचं छप्पर, गावचा हॉल असली कामं पॅरिशकडे. बांधकामाची परवानगी मात्र वरच्या जिल्हा काउन्सिलच्या हातात. गावाने फक्त हरकत नोंदवायची आणि वाट बघायची, असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

2011 च्या लोकलिझम कायद्याने यात फरक पडला. गावाला आपल्या हद्दीपुरता 'नेबरहूड प्लॅन' करायचा हक्क मिळाला. आपल्याकडे 'आमचं गाव, आमचा विकास' म्हणून ग्रामपंचायत जो आराखडा करते, त्यापेक्षा ही चीज वेगळी आहे. आपला आराखडा मुख्यतः पैशाचा असतो, म्हणजे वित्त आयोगाचा निधी कशावर खर्च करायचा याचा. तिकडचा आराखडा जमिनीचा. घरं कुठे व्हायची, किती, कुठल्या धाटणीची, कुठलं कुरण कायमचं मोकळं राखायचं, हे त्यात ठरतं. सार्वमतात पडलेल्या मतांपैकी निम्म्याहून अधिक मतं बाजूने पडली की तो कायदेशीर दस्तऐवज होतो आणि परवानगी देताना जिल्ह्याला तो विचारात घ्यावाच लागतो. कंब्रियातल्या अप्पर ईडन भागातल्या 17 पॅरिशनी मिळून केलेला आराखडा मार्च 2013 मध्ये सार्वमताने मंजूर झाला. देशातला तो पहिला. तेव्हापासून हजाराहून अधिक आराखडे लागू झाले आहेत.

एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. 'आम्हाला घरं नकोतच' असं म्हणण्यासाठी हा आराखडा वापरता येत नाही. जिल्ह्याच्या आराखड्यात जेवढा विकास ठरलाय त्याहून कमी गावाला ठरवता येत नाही; जास्त चालतो. हेनफील्ड ज्या हॉर्शम जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्याने 2015 मध्ये मंजूर केलेल्या आराखड्यात किमान 1,500 घरं गावांनी आपापल्या आराखड्यांतून जागा दाखवून सामावून घ्यावीत असं लिहिलं होतं. म्हणजे भांडण 'घरं की मोकळी हवा' असं नसतंच. घरं येणार हे ठरलेलं, प्रश्न उरतो तो कुणाच्या शेतात. गावाला थोडं आमिषही आहे: जिथे बिल्डरांकडून पायाभूत सुविधांसाठी शुल्क घेतलं जातं, तिथे एरवी त्यातला 15 टक्के वाटा गावाला मिळतो, तोही एका मर्यादेपर्यंत. आराखडा लागू असेल तर 25 टक्के, आणि मर्यादा नाही.

आता शाश्वततेकडे. आराखड्याने काही मूलभूत अटी पाळाव्या लागतात. त्यातली एक अशी की त्याने 'शाश्वत विकास साधण्यास हातभार लावावा'. हातभार म्हणजे किती, हे कायदा सांगत नाही. व्याख्या म्हणून सगळे 1987 च्या संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाकडे बोट दाखवतात: आजच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांची गरजा भागवण्याची क्षमता हिरावून घेऊ नये. सुंदर वाक्य आहे. पण हातात नकाशा घेऊन बसलेल्या माणसाला ते फारसं उपयोगी पडत नाही. राष्ट्रीय नियोजन धोरण त्याचे तीन पदर करतं: आर्थिक, सामाजिक, पर्यावरणीय. गावात दुकान टिकतंय का, तरुण जोडप्याला घर परवडतंय का, ओढ्याचं पाणी स्वच्छ राहतंय का. हे तिन्ही एकाच दिशेने ओढत असते तर मूल्यांकनाची गरजच पडली नसती.

इथे कायद्याची एक गंमत आहे, आणि अनेक गावं तिच्यात अडखळतात. जिल्ह्याच्या आराखड्याला शाश्वततेचं सविस्तर मूल्यांकन सक्तीचं आहे. गावच्या आराखड्याला नाही. गावाने फक्त आपला आराखडा शाश्वत विकासाला कसा पूरक आहे ते पटवून द्यायचं. पण त्यातून पर्यावरणावर मोठे परिणाम होण्याची शक्यता असेल, तर एक वेगळं बंधन लागू होतं: धोरणात्मक पर्यावरणीय मूल्यांकन. मूळ युरोपीय संघाच्या 2001 च्या निर्देशात, इंग्लंडमध्ये 2004 च्या नियमांत, आणि ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावरही ते नियम तसेच राहिले. म्हणून पुष्कळ गावं 'करायचंच आहे तर दोन्ही एकत्रच करू' म्हणून एकच अहवाल बनवतात, ज्यात पर्यावरणासोबत घरं, रोजगार, वाहतूक हेही येतं. माझ्या मते हे शहाणपणाचं आहे, कारण परीक्षकासमोर दोन वेगवेगळी बाडं घेऊन उभं राहण्यापेक्षा एकात सगळं दाखवणं सोपं.

परिणाम मोठे होतील की नाही हे ठरवायला आधी चाळणी लावतात. आराखड्याचा मसुदा तीन सरकारी संस्थांकडे जातो: निसर्गासाठी नॅचरल इंग्लंड, जुन्या वास्तूंसाठी हिस्टॉरिक इंग्लंड आणि पूर-प्रदूषणासाठी एन्व्हायर्न्मेंट एजन्सी. आराखड्यात फक्त 'नवीन घरांना स्थानिक वीट वापरा' अशा थाटाचे नियम असतील तर चाळणीतून तो सुटतो. पण विशिष्ट शेतावर घरं दाखवली आणि शेजारी दुर्मीळ फुलांचं कुरण असेल, तर बहुधा अडकतो. सुटलो तर का सुटलो, याची कारणंही लिहून द्यावी लागतात. 'आम्हाला गरज वाटली नाही' हे कारण होत नाही.

अडकलो, तर खरं काम सुरू. ते समजायला एक काल्पनिक गाव घेऊ. वीस घरांची जागा शोधायची आहे आणि तीन शेतमालक तयार आहेत. पहिलं शेत चर्चला लागून, शाळा-दुकान चालत पाच मिनिटांवर, पण त्याचा खालचा कोपरा नदीच्या पूरक्षेत्रात. दुसरं गावाबाहेर टेकाडावर. पुराची भीती नाही, जमीन हलकी, पण बस नाही आणि दूध आणायलाही गाडी काढावी लागेल. तिसरं गावाच्या आत, एका सतराव्या शतकातल्या संरक्षित फार्महाऊसच्या मागे, आणि तिथली माती पहिल्या प्रतीची.

पहिली पायरी म्हणजे गाव आज कसं आहे याची नोंद. जनगणनेतून वस्तीचं वय, घरांच्या किमती, किती जण गाडीने कामाला जातात. एन्व्हायर्न्मेंट एजन्सीच्या नकाशावर पुराचे पट्टे: तिसऱ्या पट्ट्यात नदीला पूर येण्याची शक्यता कुठल्याही एका वर्षात शंभरात एक किंवा जास्त, दुसऱ्यात शंभरात एक ते हजारात एक, पहिल्यात त्याहून कमी. शेतजमिनीची प्रत 1 ते 5. त्यातल्या 1, 2 आणि 3अ या 'उत्तम' समजल्या जातात. संरक्षित इमारती, वटवाघळांच्या वसाहती, पाऊलवाटा. या नोंदीत एक प्रश्न हमखास विसरला जातो: आराखडा केलाच नाही तर गाव कुठल्या दिशेने जाईल? कारण तुलना आजच्या गावाशी करून भागत नाही. आराखड्याविना जे गाव झालं असतं, त्याच्याशीही करायची असते.

दुसरी पायरी उद्दिष्टं ठरवण्याची. 'निसर्ग जपावा' इतकं गुळगुळीत उद्दिष्ट लिहिलं तर कुठलंही शेत त्यात बसतं. 'पुराच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पट्ट्यात नवीन घरं टाळावीत', 'शाळेपर्यंत चालत जाता यावं' असं लिहिलं की मग शेतांमध्ये फरक दिसायला लागतो. अहवालात नेमकं काय काय तपासायचं, याची रूपरेषा त्या तीन संस्थांना दाखवून त्यांचं मत घ्यावं लागतं. त्यांना पाच आठवडे मिळतात.

मग तक्ता. डावीकडे उद्दिष्टं, वरती तिन्ही शेतं, चौकटींत खुणा: दोन अधिक म्हणजे फार चांगला परिणाम, एक अधिक म्हणजे चांगला, शून्य, एक उणे, दोन उणे, आणि प्रश्नचिन्ह. चर्चजवळच्या शेताला चालण्यासाठी दोन अधिक, पुरासाठी दोन उणे. टेकाडाला मातीसाठी अधिक, प्रवासासाठी उणे. फार्महाऊसमागच्या शेताला वारशासाठी प्रश्नचिन्ह, कारण घरं कशी बांधली जातील त्यावर ते अवलंबून. इथे बेरीज करायचा मोह फार होतो. चार अधिक, तीन उणे, म्हणजे निव्वळ एक अधिक, झालं! पण पुराची खूण आणि बसची खूण एकाच तराजूत मावत नाहीत. एक प्राणावर बेतू शकते, दुसरीने फार तर पेट्रोल वाढतं. तक्ता निर्णय देत नाही. कशाच्या बदल्यात काय सोडतोय ते उघड करतो. सगळ्या चौकटींत अधिकच अधिक दिसले तर मला तरी शंका येते. प्रामाणिक अहवालात प्रश्नचिन्हं असतात.

तक्त्यानंतर उपाय येतात. चर्चजवळचं शेत निवडलं तर खालचा कोपरा मोकळा सोडून तिथे खेळाचं मैदान करता येईल का, घरं वीसऐवजी चौदा करता येतील का. आणि शेवटी, आराखडा लागू झाल्यावर परिणामांवर नजर कशी ठेवणार हेही लिहायचं. हा भाग बहुतेक अहवालांत दोन ओळींत उरकलेला असतो.

पण या सगळ्याचा कणा एकच: पर्याय. नियम सांगतो की ज्यांचा विचार करणं वाजवी होतं असे पर्याय तपासा, आणि निवडलेला का निवडला, बाकीचे का सोडले, ते लिहा. माणसं सहसा उलट करतात. शेत आधी ठरलेलं असतं. सरपंचाच्या बैठकीत म्हणा किंवा पबमध्ये. मग त्याला शोभेल असा तक्ता मागून भरला जातो. वाचणाऱ्याला तो कृत्रिमपणा लगेच जाणवतो, कारण बाकीची शेतं दोन ओळींत बाद केलेली असतात.

वेस्ट ससेक्समध्येच दुसरं एक पॅरिश आहे, स्पेलिंग वाचून कुणालाही 'स्लॉगम' वाटेल, पण उच्चार 'स्लॅफम'. त्यांचा पहिला आराखडा 2014 मध्ये परीक्षकाकडेच अडला. पर्यावरणीय मूल्यांकन पुरेसं नव्हतं. सार्वमतापर्यंत गाडी गेलीच नाही. हेनफील्डचं दुखणं अधिक सूक्ष्म होतं. मूल्यांकन होतं, पर्यायही होते. पण गावाच्या पश्चिम कडेला आणखी घरं झाली तर तिथले रस्ते ती वाहतूक पेलू शकणार नाहीत, असं धरून तो पर्याय बाजूला ठेवला होता. त्या बाजूला जमिनीत हितसंबंध असलेल्या कंपन्या कोर्टात गेल्या. न्यायाधीशांनी पाहिलं तर 'रस्ते पुरणार नाहीत' हे दाखवणारा पुरावा गावाकडे नव्हता. पॅरिश काउन्सिल म्हणजे काही तज्ज्ञांची फौज नव्हे, हे कोर्टालाही ठाऊक असतं. तरी वस्तुस्थितीच चुकीची धरली तर त्यावर उभी केलेली तुलना टिकत नाही. सार्वमतातली मतं त्या चुकीवर पांघरूण घालू शकत नाहीत.

बिल्डर कोर्टात गेला म्हणजे जिंकतोच, असंही नाही. कॉर्नवॉलच्या सेंट आइव्ह्ज या समुद्रकाठच्या गावाने 2016 मध्येच सार्वमत घेतलं आणि 80 टक्क्यांहून अधिक मतांनी ठरवलं: नवीन घर घ्याल तर तिथे मुख्य निवास करून राहावं लागेल, सुट्टीपुरतं घर म्हणून चालणार नाही. उन्हाळ्यात गजबजणाऱ्या आणि हिवाळ्यात अर्धी घरं अंधारात ठेवणाऱ्या गल्ल्यांना वैतागून घेतलेला निर्णय होता तो. बिल्डरचा युक्तिवाद याच मूल्यांकनावर होता: बंदीऐवजी जास्त घरं बांधायचा पर्याय तुम्ही तपासलाच नाही. कोर्टाने ते मानलं नाही. सुट्टीची घरं कमी करणं आणि परिसरावरचा ताण आवरणं ही गावाची दोन उद्दिष्टं होती. भरमसाट घरं बांधून ती साधली जाणार नव्हती, म्हणून तो 'वाजवी पर्याय' नव्हताच. दोन्ही निकाल एकमेकांशेजारी ठेवले की 'वाजवी' या शब्दाचा अर्थ नीट कळतो: तुमची उद्दिष्टं साधू शकेल असा पर्याय टाळू नका, आणि साधू न शकणाऱ्याच्या मागे धावायची सक्ती नाही. सेंट आइव्ह्जच्या नियमात एक फट मात्र राहिली. तो नवीन घरांनाच लागू. जुनं मच्छीमाराचं घर लंडनचा कुणी घेऊन कुलूप लावून ठेवू शकतोच.

आता मला सगळ्यात बोचणारा मुद्दा. शाश्वततेच्या तक्त्यात लहान खेडी जवळजवळ नेहमी हरतात. बस नाही म्हणून घरं नकोत. घरं नाहीत म्हणून तरुण कुटुंबं नाहीत, मुलं नाहीत म्हणून शाळा बंद, गिऱ्हाईक नाही म्हणून दुकान बंद, आणि प्रवासी नाहीत म्हणून बस नाही ती नाहीच. खेड्यांतल्या घरांबद्दल 2008 मध्ये सरकारला अहवाल देणारे खासदार मॅथ्यू टेलर यांनी याला 'शाश्वततेचा सापळा' म्हटलं होतं. कोकणात बंद पडलेल्या वाडीतल्या शाळा पाहिलेल्या कुणालाही हे चक्र समजावून सांगावं लागणार नाही. अप्पर ईडनच्या आराखड्याने या सापळ्याला थेट हात घातला: विखुरलेल्या शेतवाड्यांवर शेतकरी कुटुंबातल्या पुढच्या पिढीला घर बांधणं सोपं व्हावं, असे नियम केले. प्रवासाच्या चौकटीत उणे पडणार हे दिसत असताना सामाजिक चौकटीतल्या अधिकाला जास्त वजन दिलं. असं वजन देण्याचा हक्क गावाला आहे. फक्त तो उघडपणे, लिहून बजावायचा.

गावाच्या तक्त्यात न मावणाऱ्या गोष्टीही असतात. 2021 मध्ये नॅचरल इंग्लंडने हॉर्शम जिल्ह्याच्या मोठ्या भागासकट ससेक्सच्या उत्तर पट्ट्याला कळवलं की भूजल उपशामुळे अरुन नदीच्या खोऱ्यातल्या संरक्षित पाणथळींना धोका नाही असं खात्रीने सांगता येत नाही; म्हणून नवीन बांधकामाने पाण्याची मागणी वाढता कामा नये, अशी तेव्हा अट होती. त्या पाणथळींत एक चिमुकली, दुर्मीळ गोगलगाय राहते. एखाद्या गावाची वीस घरं तिचं काहीच बिघडवत नाहीत. पण प्रत्येक गावाने 'आमची वीसच' म्हटलं तर बिघडतं. एकत्रित परिणाम तपासा असं नियम सांगतो खरा, पण पॅरिशच्या हॉलमध्ये बसून साऱ्या खोऱ्याचा हिशोब मांडायचा कसा? तो हिशोब जिल्ह्याने आणि पाणी कंपनीने मांडायला हवा.

हे सगळं करतं कोण? निवृत्त शिक्षक, एखादा शेतकरी, पॅरिशची अर्धवेळ कारकून आणि वेळ काढू शकणारे दोन-चार शेजारी. अहवाल लिहायला सल्लागार लागतो. त्यासाठी सरकारी अनुदान आणि मोफत तांत्रिक मदत मिळत असे, ती पुढे न चालवण्याचं सरकारने 2025 मध्ये ठरवलं. नियम तेवढेच कडक राहिले आणि हात कमी झाले, तर ज्या गावांत आधीच वकील आणि वास्तुविशारद राहतात तीच गावं आराखडे करू शकतील, अशी भीती वाटते.

हेनफील्ड पुन्हा कामाला लागलं. जागा पुन्हा मांडल्या, पुन्हा तपासल्या, पुन्हा सहा-सहा आठवडे लोकांच्या हरकती घेतल्या. त्यांचा दुसरा आराखडा लागू झाला तेव्हा 2021 साल उजाडलं होतं.